ऐकू न आलेली ओळ

हिराला कामावर कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्या शनिवारी ठरणार होतं. आणि नेमकी त्याच आठवड्यात, गुरुवारी, तिच्या वडिलांची दाढ काढायची निघाली.

हिरा म्हणजे आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भीमराव मेश्रामांची मुलगी. काका मूळचे भंडाऱ्याकडचे. रेल्वेच्या डब्यात उभ्याने टपाल लावता लावता बदली होऊन पुण्याला आले आणि इथेच राहिले. बायको कौशल्या काही वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात बापलेक दोघंच. हिराने बॉटनी घेऊन बीएस्सी केलं, मग इकडेतिकडे शिकवण्या केल्या, आणि मग पुण्यात जी लाट आली तिच्यात शिरली. दोन हजार सालानंतरची गोष्ट. चौकाचौकात पाटी लागलेली असायची, मेडिकल ट्रान्सक्रिप्शन. ज्याला प्रोग्रामिंग झेपत नाही पण इंग्रजी बरं आहे त्याने इकडे जावं, असं जो तो सांगत होता.

काम काय, तर अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासून झाला की यंत्रापुढे बोलतो. तो आवाज नेटवरून इकडे येतो. इकडच्या मुली कानाला हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलने आवाज मागेपुढे करत तो टाइप करतात, आणि तिकडे उजाडायच्या आत रिपोर्ट परत जातो. त्यांची रात्र म्हणजे आपला दिवस, एवढ्याच भांडवलावर हा सगळा धंदा उभा होता.

मी बी. ए.ला इंग्रजी घेतलं होतं, म्हणून सुरुवातीला हिरा माझ्याकडे यायची. संध्याकाळी मी मेथी निवडत बसलेली असायचे, ती समोर बसून दोन काड्या निवडायची आणि शब्द विचारायची. शब्द अवघड नसत, तीच तर पंचाईत होती. अवघड शब्द डिक्शनरीत सापडतात. हे सगळे ओळखीचे, रोजच्या पेपरात भेटणारे, पण दवाखान्याची पायरी चढले की ओळख दाखवत नसत. छातीत दुखत नाही असं पेशंटने सांगितलं, की डॉक्टर म्हणणार 'डिनाइज', जसा काही बिचाऱ्यावर खटला चालू आहे आणि तो आरोप नाकारतोय. 'कल्चर' म्हणजे संस्कृती नव्हे, बशीत वाढवलेले जंतू. मेंदूला 'इन्सल्ट' झाला म्हणजे अपमान नाही, इजा झाली. हृदयातली खरखर डॉक्टरांनी 'अ‍ॅप्रिशिएट' केली म्हणजे वाहवा केली नाही, नुसती कानाला जाणवली. आणि सगळ्यांत वरताण 'अनरिमार्केबल'. आमच्या कॉलेजात कुणाच्या निबंधावर हा शेरा पडला असता तर त्याने आठवडाभर तोंड दाखवलं नसतं. इथे ज्याचं हृदय अनरिमार्केबल त्याने पेढे वाटावेत.

"आमच्याकडे कुणी पॉझिटिव्ह निघालं की घरचे रडतात," हिरा एकदा म्हणाली, "आणि बाहेर पॉझिटिव्ह व्हायचे क्लास चालतात."

भीमरावकाकांच्या मात्र त्यातला एकच शब्द लक्षात राहिला होता, 'प्लेझंट'. एक सर्जन होता, तो प्रत्येक रिपोर्टची सुरुवात त्यानेच करायचा. अमुक वर्षांची ही प्लेझंट लेडी, तमुक वर्षांचा हा प्लेझंट गृहस्थ. काका म्हणायचे, "सगळेच कसे गं प्लेझंट? आमच्या टपालखात्यात तर शोधून सापडला नसता."

पण हिराची खरी अडचण शब्दांची नव्हती, ऐकू न येण्याची होती. डॉक्टर जेवता जेवता बोलायचे, गाडी चालवता चालवता बोलायचे, बोलत बोलत लिफ्टमध्ये शिरायचे. त्यावर नियम स्पष्ट होता. ऐकू आलं नाही तर तिथे रेघ टाकायची, जागा रिकामी ठेवायची, अंदाज करायचा नाही. रिकामी जागा दिसली की त्यांची एडिटर निकिता तेवढा तुकडा स्वतः ऐकणार. तिलाही लागला नाही तर रिपोर्ट तसाच जाणार आणि तिकडे डॉक्टर ती जागा भरणार.

नियम असा, आणि ऑफिसची रीत वेगळी. ऑफिस आमच्यापासून चालत जाण्याइतकं जवळ, एका औषधाच्या दुकानाच्या वर. मालक बद्रीनाथ सर. दर सोमवारी सगळ्यांना उभं करून कुणी किती जागा रिकाम्या ठेवल्या ते वाचून दाखवायचे, आवाज अजिबात न चढवता. "हिरा मॅडमनी या आठवड्यात रांगोळीचे ठिपके दिले आहेत. रंग अमेरिकेतून येतील." सगळे हसायचे, हसावंच लागायचं. निकिता वयाने हिराहून लहान आणि स्वभावाने चांगली, पण रिकाम्या जागा म्हणजे तिच्या डोक्याला काम. तीही हळूच सांगायची, "यार हिरा, कॉन्टेक्स्टवरून भर ना. तोच डॉक्टर, तेच तेच बोलतो."

आणि घरचं वळणही तेच होतं. काका त्यांच्या वस्तीतले पहिले मॅट्रिक. हिराच्या पहिल्या इयत्तेपासून त्यांचं एक सांगणं, पेपरात कोरं ठेवायचं नाही. येत नसलं तरी लिहायचं. कोरं ठेवलं की तपासणाऱ्याला आपल्याकडे बघावंच लागत नाही. आता हे काही त्यांच्या एकट्याच्या घरातलं नव्हे म्हणा. आपण सगळेच गाळलेल्या जागा भरत लहानाचे मोठे झालो. रिकामी रेघ दिसली की हात शिवशिवतो.

हिराबरोबर आणखी एक मुलगी लागली होती, पूर्णिमा नावाची. दोघींपैकी एकीलाच ठेवणार, आणि हिराच्या रिकाम्या जागा जास्त आहेत, हे निकिताने आधीच कानावर घातलं होतं. हिराला त्या कामाची गोडी लागली होती. शिकवण्यांकडे पुन्हा वळायचं नाव काढलं की तिचा चेहरा उतरायचा. त्यामुळे त्या आठवड्यात तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, एकही जागा सोडायची नाही.

गुरुवारी ती लवकर कामावर गेली, जेवणाची सुट्टी थोडी वाढवून घेतली आणि आम्ही तिघं स्वारगेटजवळ दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. मी का, तर डॉक्टर माझ्या माहेरच्या ओळखीतले, आणि हिराला लगेच परत पळायचं होतं, काकांना घरी आणायला कुणी हवं होतं.

बाकावर बसल्या बसल्या हिरा सकाळचं सांगत होती. तोच सर्जन होता आणि त्याची नेहमीची एक प्लेझंट लेडी. बाईंच्या पित्ताशयाचं ऑपरेशन, तिकडच्या सकाळी पहिलंच. म्हणजे आपली संध्याकाळ. सांगता सांगता तो उठून दाराकडे गेला असावा, कसलीशी ट्रॉली गेल्यासारखा खडखडाट झाला आणि त्यात अ‍ॅलर्जीची ओळ बुडाली.

"पण त्यात काय, दरवेळी एकच वाक्य असतं. नो नोन ड्रग अ‍ॅलर्जीज. कुठल्याही औषधाचं वावडं नाही. टाकून मोकळी झाले. आज अजून एकही जागा रिकामी नाही, वहिनी."

ती खुशीत होती. तेवढ्यात तिथली मदतनीस मुलगी पॅड घेऊन काकांपाशी आली. नाव, वय, ब्लडप्रेशर, शुगर. मग "कसली अ‍ॅलर्जी नाही ना" असं स्वतःशीच म्हणत तिने खूण केली आणि पेन पुढच्या प्रश्नावर नेलं.

काकांनी ते पेन धरलं. अक्षरशः धरलं, दोन बोटांत.

"मला विचारलं काहून नाही?"

"काका, सगळे नाहीच म्हणतात."

"मी नाही म्हणत नसतो. सल्फा. तरुणपणी एक गोळी घेतली होती, अंगाची साल निघाली माझी. नागपूरच्या दवाखान्यात बायकोने माझ्या डोळ्यांत पाणी घालून घालून ते उघडे ठेवले. लिहा, बाई. लाल पेन असेल तर लालने लिहा."

मुलगी ओशाळली. तिने खोडून पुन्हा लिहिलं. काकांचं हे भाषण मला पाठ होतं, चष्म्याच्या दुकानातसुद्धा ते सांगायचे. मी हसून हिराकडे वळले तर तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडालेला. मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी गच्च धरली होती.

"काय झालं गं?"

"मी सकाळी हेच केलं," ती म्हणाली. "नाही ना, म्हणून खूण केली."

काकांना आत बोलावलं. दार बंद झालं आणि हिरा उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. मी म्हटलं, अगं, निकिता बघेल की. हिरा म्हणाली, निकिता ऐकणार नाही. जागा रिकामी असली तरच ती ऐकते, नाहीतर नुसतं वाचून पुढे ढकलते, आणि वाचायला ती ओळ अगदी बरोबर दिसते. मी म्हटलं, मग तिकडे डॉक्टर सही करण्याआधी वाचेल.

"तो वाचत नाही, वहिनी. त्याच्या प्रत्येक रिपोर्टखाली आम्हीच टाकतो, डिक्टेटेड बट नॉट रेड."

हे वाक्य तिने मला पूर्वी सांगितलं होतं. आपण बिलाखाली चूकभूल देणे घेणे छापतो तसा तो एक रिवाज असेल, असं आम्ही दोघींनी तेव्हा ठरवून टाकलं होतं. तो रिवाज नव्हता. मी सांगितलंय, वाचलेलं नाही, एवढाच त्याचा सरळ अर्थ होता, आणि तो डॉक्टर ते प्रामाणिकपणे लिहवून घेत होता.

रस्त्यापलीकडे पीसीओ होता. हिराने ऑफिसचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला, पुन्हा एंगेज. काचेतून ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं. त्या ऑफिसला एकच लाइन होती आणि नेटही तिच्यावरच चालायचं. फोन एंगेज याचा अर्थ सकाळचे रिपोर्ट निघाले होते.

काका बाहेर आले ते गाल सुजवून, तोंडात कापसाचा बोळा. डॉक्टरांनी तासभर बोलायचं नाही म्हणून बजावलेलं. रिक्षात हिरा आमच्या दोघांच्या मध्ये बसली आणि तिने त्यांना सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज खाली खाली गेला.

"कदाचित काहीच नसेल हो त्या बाईंना. बहुतेकांना नसतंच. आणि मी स्वतःहून जाऊन सांगायचं म्हणजे चूक माझ्या नावावर. परवा शनिवार. पूर्णिमाला ठेवतील आणि मला..."

काकांनी मान हलवली, पण होकाराची की नकाराची ते कळेना. मग रुमाल तोंडाशी नेऊन त्यांनी बोळा काढला. मी म्हटलं, काका, राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही.

"कोरं काहून नाही ठेवलं?"

हिरा त्यांच्याकडे बघतच राहिली. "हे तुम्ही विचारताय, बाबा?"

रिक्षा बिबवेवाडीचा चढ चढत होती, इंजिन घरघरत होतं. काका बाहेर बघत होते. ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताचा बारीक ओघळ आला, तो त्यांनी पुसला.

"ते आपल्या पेपरासाठी होतं," ते शेवटी म्हणाले. जीभ जड, शब्द अर्धे. "चुकलं तर आपला मार्क जायचा. दुसऱ्या कुणाचं काही जात नव्हतं."

आणि बोळा परत दाढेत दाबून धरला. हिराने रिक्षावाल्याला औषधाच्या दुकानापाशी थांबायला सांगितलं.

काकांना घरी पोचवून येते म्हटलं तर ते दुकानाच्या पायरीवर बसले आणि हलेनात. मी वर जायचं काही कारण नव्हतं, पण हिराने माझा दंड धरला होता आणि तो ती सोडत नव्हती. म्हणून गेले. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत ओळीने बसलेल्या मुली, हेडफोन, पेडलची टकटक. कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. बद्रीनाथ सर दारासमोरच्या टेबलाशी होते.

"या. दाढ वडिलांची होती ना? रजा दोन दाढांची झाली."

हिराने उभ्या उभ्याच सांगितलं. तो आवाज लागला नव्हता, ओळ मी माझ्या मनाने टाकली, रिपोर्ट थांबवा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग घड्याळाकडे बघितलं.

"गेला तो. सगळे गेले." मग म्हणाले, "याला काय म्हणतात माहीत आहे ना? क्रिटिकल एरर. ती तुमच्या एकटीच्या नावावर लागत नाही, ऑफिसच्या नावावर लागते. आणि तीसुद्धा आपणच फोन करून लावून घ्यायची?"

"त्यांचं आज ऑपरेशन आहे, सर."

"तिकडे ऑपरेशनच्या आधी नर्स पुन्हा विचारते."

"विचारते, की नाही ना म्हणते?" हिरा म्हणाली.

सर काही वाईट मनुष्य नव्हते. कर्ज काढून ऑफिस थाटलेलं, एकच गिऱ्हाईक, आणि समोर एवढ्या मुली. त्यांनी निकिताला हाक मारली आणि तो तुकडा लावायला सांगितला, हेडफोन काढून, सगळ्यांना ऐकू येईल असा.

डॉक्टरचा कंटाळलेला आवाज आला. मग खुर्ची सरकल्याचा, मग तो खडखडाट. त्याच्या आड आवाज होता पण शब्द नव्हते. निकिताने पुन्हा लावला, मोठा केला, बारीक केला. पुन्हा. पेडलची टकटक हळूहळू थांबली होती, मुली कान देऊन ऐकत होत्या. शब्द एकीलाही लागला नाही. पण पाचव्यांदा की सहाव्यांदा लावल्यावर निकिता एकदम म्हणाली, "सर, हे खूप लांब आहे."

"काय लांब आहे?"

"तो खूप वेळ बोलतोय. नो नोन ड्रग अ‍ॅलर्जीज म्हणायला एवढा वेळ नाही लागत."

तिने तेवढं वाक्य स्वतः म्हणून दाखवलं आणि मग तुकडा लावला. तिचं वाक्य संपलं तेव्हा डॉक्टर अजून बोलतच होता. खडखडाटाच्या मागे, सावकाश, काहीतरी नीट सांगावं तसा. हिराने खुर्चीच्या पाठीला हात टेकला.

सरांनी फोन पुढे ओढला. स्पीकर चालू केला. तिकडे पहाट होती, काम पाठवणाऱ्या एजन्सीत रात्रपाळीला एक बाई होती. सर एरवी मराठीत बोलताना समोरच्याला तोंड उघडू देणार नाहीत असे, पण इंग्रजीत शिरले की एकदम वाकायचे. ते म्हणाले, गुड मॉर्निंग मॅडम, वुई आर हॅविंग वन स्मॉल डाऊट अबाऊट वन रिपोर्ट, काइंडली डू द नीडफुल.

मग त्या बाईने विचारलं, डॉक्टरांच्या म्हणण्यावर तुमचा विश्वास नाही का? आपल्याकडे डाऊट म्हणजे वर्गात हात वर करून विचारायची शंका. तिच्या लेखी तो संशय होता. सर गडबडले. नो नो, तसं नाही, स्मॉल थिंग, प्लीज चेक अँड रिव्हर्ट. रिव्हर्ट म्हणजे तिला वाटलं काहीतरी पूर्वीसारखं करायचं आहे, तिने विचारलं, कशाचं? आपल्या ऑफिसांतून पत्राखाली वर्षानुवर्षं लिहिलेली ही वाक्यं, ज्यांनी इकडे सगळी कामं होतात, तिकडे एकामागून एक जमिनीवर पडत होती. शेवटी ती बाई गोड आवाजात म्हणाली की मेल करून ठेवा, ऑफिसच्या वेळात कुणीतरी बघेल.

त्यांची ऑफिसची वेळ म्हणजे ऑपरेशन उरकल्यानंतर. ते सरांनाही कळलं होतं. पण समोरचा इतकं नीट बोलल्यावर नाही कसं म्हणायचं, म्हणून ते शुअर, शुअर, थँक यू म्हणत होते आणि हात बटणाकडे चालला होता.

हिराने त्यांच्या हातावर हात ठेवला. तसं कुणी कधी केलं नसेल त्या ऑफिसात. ती फोनवर वाकली आणि शाळेतल्या पोरीसारखं एकेक वाक्य सुटं सुटं बोलली.

"आय डिड नॉट हिअर द अ‍ॅलर्जी लाइन. आय टाइप्ड इट मायसेल्फ. द डॉक्टर सेड समथिंग एल्स. द पेशंट हॅज सर्जरी धिस मॉर्निंग. प्लीज टेक इट आऊट नाऊ, अँड टेल द डॉक्टर."

पलीकडे खुर्ची करकरली. की-बोर्डची खडखड ऐकू आली. आता त्या बाईचा आवाज गोड राहिला नव्हता. तिने फाइलचा नंबर विचारला, तो निकिताने सांगितला. मग तिने विचारलं, ही ओळ कुणी टाइप केली, नाव काय.

सर हिराकडे बघत होते. नाव न देता ऑफिसचं नाव देता आलं असतं, त्यांनी तोंड उघडलंही होतं. हिराने आपलं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि अक्षरं सुटी करून दोनदा सांगितली.

फोन बंद झाला. सर म्हणाले, "कामं करा," आणि टकटक पुन्हा सुरू झाली. हिरा आपल्या जागेवर जाऊन बसली आणि तिने पुढची फाइल लावली. मी खाली काकांपाशी आले.

आम्ही दोघं त्या पायरीवर बसून राहिलो. इंजेक्शन उतरत होतं, त्यांची दाढ ठणकायला लागली असणार, पण घरी चला म्हटलं की ते बोट वर करायचे. दुकानदाराने मला स्टूल दिलं. औषधं घ्यायला माणसं येत होती, जात होती. ऊन दुकानाच्या पाटीवरून उतरून रस्त्यापलीकडे गेलं. मी मनात तिकडची वेळ लावत होते. आता त्या बाई उठल्या असतील. आता त्यांना स्ट्रेचरवर घेतलं असेल. नावगाव माहीत नसलेली, फक्त प्लेझंट म्हणून माहीत असलेली ती बाई, आणि तिचं काय होतंय ते बिबवेवाडीत पायरीवर बसून कसं कळणार. काका मध्येच डोळे मिटायचे. मला वाटायचं डुलकी लागली, तर ओठ हलत असायचे.

बऱ्याच वेळाने जिन्यावर धडधड झाली आणि निकिता खाली आली. तिने ओढणी मुठीत धरली होती.

"आली. अ‍ॅडेन्डम आलीये. नवी फाइल, त्या रिपोर्टची पुरवणी, त्याच डॉक्टरची."

आम्ही वर गेलो, काकासुद्धा, कठडा धरून. सरांनी ती फाइल स्पीकरवर लावली. अगदी छोटी होती. डॉक्टरचा आवाज वैतागलेला, पण या वेळी प्रत्येक शब्द तोडून, बहिऱ्याशी बोलावं तसा. पेशंटला पेनिसिलिनचं तीव्र वावडं आहे. मागे एकदा दिलं तेव्हा घसा सुजून श्वास अडकला होता, नळी घालावी लागली होती. ऑपरेशनच्या आधीचं इंजेक्शन बदललेलं आहे. एंड ऑफ डिक्टेशन. आभार नाहीत, चौकशी नाही, काही नाही.

काकांनी निकिताकडे बघितलं. त्यांना सगळं इंग्रजी लागलं नव्हतं. तिने मराठीत सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि जवळच्या खुर्चीवर बसले.

"टाइप करा, हिरा मॅडम," सर म्हणाले.

हिराने हेडफोन लावला. तिची बोटं चालू लागली. ओळ पुरी झाल्यावर तिने पेडल दाबून मागे नेलं, पुन्हा ऐकलं, टाइप केलेलं वाचलं, पुन्हा ऐकलं. सरांना घाई होती, पण ते उभे राहिले.

शनिवारी काय झालं ते हिराने मला जिन्यातच सांगितलं, पर्स खांद्यावर तशीच. पूर्णिमा कायम झाली. हिराला घरी पाठवलं नाही, पण कायमही केलं नाही, आणखी तीन महिने बघू म्हणाले. एजन्सीकडून लेखी आलं होतं, चूक नोंदवली आहे, एवढंच. सर म्हणाले, ती तुमच्या नावावर राहील, मी खोडणार नाही. ही म्हणाली, खोडू नका.

"आणि मग मी त्यांना एक मागितलं, वहिनी. म्हटलं, अ‍ॅलर्जीची ओळ प्रत्येक रिपोर्टमधली एडिटरने ऐकायची. जागा रिकामी असो नसो. नुसती वाचायची नाही."

"मग?"

"म्हणाले, निकिताला चार कान आहेत का. तेवढा वेळ कुठून आणायचा."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मी थांबत जाईन रोज. मी ऐकेन सगळ्यांच्या." हिरा जिन्याच्या कठड्याला टेकली. तिचे डोळे दमलेले होते. "मला वाटलं, आता ठेवतही नाहीत. मग कॅलेंडरकडे बघून म्हणाले, उद्या रविवार. परवापासून."

वरून काकांनी हाक मारली, वरण गार होतंय म्हणून. दाढेमुळे अजून त्यांना दुसरं काही चाववत नव्हतं. ती वर गेली.